‘तिल्ली माझी आहे, डग्गा कुणाचा?’

चंदीगडला पीएच.डी.साठी आलो तेव्हा वाटलं होतं, हलगी आता गावी गेल्यावरच कानावर पडेल. ती भेटली वसतिगृहात, शेजारच्या खोलीतल्या मित्राच्या लॅपटॉपवर. हा मित्र पंजाबच्या दोआबा भागातला, एम.ए. करणारा, घरातला पहिला पदवीधर. रात्रीचं जेवण झालं की तो एफएल स्टुडिओ उघडतो आणि गाण्यांसाठी बीट तयार करतो. त्या रात्री तो इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या आवाजांची यादी चाळत होता. ‘एथनिक पर्कशन’ नावाच्या फोल्डरमध्ये ढोल होता, ढोलकी होती, तमिळनाडूची पराई होती, आणि मध्येच एका ओळीत ‘हलगी लूप’ असं लिहिलेलं होतं. त्याने क्लिक केलं. चार सेकंद हलगी वाजली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

मी लातूर जिल्ह्यातला, मातंग. माझे आजोबा हलगी वाजवायचे. पोळ्याला, वरातीला, मयतीला. आधी कातडं विस्तवावर शेकून ताणून घ्यायचं, मग एका हातात आखूड जाड काठी आणि दुसऱ्या हातात लांब बारीक काडी. वाजवणं झालं की पदरात पडायचं ते धान्य किंवा उरलेलं अन्न, आणि तेही दारापासून लांब बसून घ्यायचं. हलगीचा आवाज देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत जायचा. आजोबा पायरीच्या खाली उभे असायचे.

मित्राच्या यादीत मी वरपासून खालपर्यंत पाहिलं. ती हलगी वाजवणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. आवाज आत, माणूस बाहेर. आजोबांच्या काळी देवळाच्या पायरीवर जे घडायचं, तेच इथे एका फोल्डरमध्ये घडलं होतं. या लेखात मला एवढंच मांडायचं आहे: संगणकावर आवाजाचे तुकडे जोडून संगीत रचण्याचं तंत्र आपल्या पोरापोरींनी शिकलंच पाहिजे, पण ते शिकताना ज्या हातांचा आवाज आपण घेतो, त्या हातांना पुन्हा बाहेर उभं करायचं की नाही, हे आपणच ठरवायचं आहे.

आधी हे तंत्र काय आहे ते पाहू. कोणताही आवाज मायक्रोफोनमधून संगणकात जातो, तेव्हा त्याच्या एका सेकंदाची साधारण ४४,१०० मोजमापं घेतली जातात आणि ते आकडे साठवले जातात. आवाज आकड्यांत आला की त्याचं काहीही करता येतं. कापता येतो, उलटा वाजवता येतो, त्याची पट्टी वरखाली करता येते, लय हळू किंवा जलद करता येते. अशा कापून ठेवलेल्या तुकड्याला ‘सँपल’ म्हणतात, आणि तोच तुकडा सलग फिरत राहिला की ‘लूप’. पडद्यावर चौकटींची एक जाळी असते. कोणत्या चौकटीत कोणता तुकडा वाजेल, हे माऊसने ठरवायचं. एफएल स्टुडिओ ही बेल्जियमच्या कंपनीची प्रणाली १९९७ साली ‘फ्रूटीलूप्स’ या नावाने आली. आज पंजाबी पॉपपासून आपल्याकडच्या १४ एप्रिलच्या डीजे मिक्सपर्यंत असंख्य गाणी या आणि अशाच प्रणालींवर बनतात.

आपल्यासाठी यात मोठी गोष्ट घडली आहे. संगीत शिकायचं म्हणजे गुरू हवा, घराणं हवं, घरी तानपुरा हवा, रियाजासाठी वेगळी खोली हवी. हे सगळं कुणाकडे होतं, ते सांगायला नको. शाळेत असताना मी तालुक्याच्या गावी एका तबल्याच्या क्लासला गेलो होतो. गुरुजींनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि प्रेमानेच म्हणाले, “तुम्हाला कशाला क्लास? तुमच्या तर रक्तातच असतं.” बाकीच्या मुलांचं वाजवणं म्हणजे साधना आणि माझं वाजवणं म्हणजे रक्त. मी चौथ्या दिवसापासून गेलो नाही. लॅपटॉप मात्र आडनाव विचारत नाही. माझ्या मित्राने कुणाचेही पाय न धरता, व्हिडिओ पाहून पाहून हे तंत्र शिकलं. त्याच्याकडे प्रणालीची फुकटची चाचणी आवृत्ती आहे. तिच्यात काम साठवता येतं, पण साठवलेलं काम विकत घेतल्याशिवाय पुन्हा नीट उघडता येत नाही. म्हणून तो एक बीट एका बैठकीत संपवतो, नाहीतर लॅपटॉप तीन-तीन दिवस बंदच करत नाही. घराणं नसलेल्या माणसाचा रियाज असा असतो.

आणि तुकडे जोडून नवं रचणं आपल्याला परकं कधीच नव्हतं. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातला देवांचा गण आणि गवळण बाजूला सारली आणि त्या जागी बाबासाहेबांचा विचार बसवला. ढोलकी तीच, सांगणं नवं. पुढे भीमगीतांनी लोकांच्या ओठांवर असलेल्या चाली घेतल्या. अण्णाभाऊंनी त्याच तमाशातून लोकनाट्य उभं केलं. जे हाताशी आहे ते घ्यायचं आणि त्यातून आपल्या कामाचं घडवायचं, ही आपली जुनी रीत आहे. घरातल्या जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणाऱ्या आईला कुणी चोर म्हणत नाही.

इथे पंजाबातही तेच दिसतं. २०११ च्या जनगणनेनुसार पंजाबच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचा वाटा जवळपास ३२ टक्के, म्हणजे देशातल्या राज्यांत सर्वांत जास्त. पण लग्नात आणि गाड्यांत वाजणारं बरंचसं पंजाबी पॉप जाट जमीनदाराची मिशी, बंदूक आणि ट्रॅक्टर यांच्या भोवतीच फिरतं. २००९ साली व्हिएन्नामध्ये संत रामानंद यांची हत्या झाली, त्यानंतर दोआब्यात रविदासिया समाजाच्या स्वाभिमानाच्या गाण्यांना उधाण आलं. जालंधरच्या गिन्नी माहीचं ‘फॅन बाबासाहेब दी’ महाराष्ट्रातही पोहोचलं. या गाण्यांमागचा ठेका त्याच प्रणालींवर, तशाच छोट्या खोल्यांत तयार होतो. माझ्या मित्रासारखी पोरं तो करतात.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की सँपलच्या बाजारात सगळे आवाज सारखे नसतात. सतार किंवा तबल्याचे तुकडे विकले जातात तेव्हा बऱ्याचदा वादकाचं नाव, त्याचं घराणं, त्याच्या गुरूचं नाव ठळक छापलेलं असतं. नावामुळेच किंमत वाढते. हलगी, पराई, ढोल यांच्या तुकड्यांवर बहुतेक वेळा प्रदेशाचं नाव असतं किंवा ‘फोक’, ‘ट्रायबल’, ‘रॉ’ असा शिक्का असतो. म्हणजे जणू ते वाद्य कुणी वाजवलंच नाही, जंगलातून वाऱ्यासारखं आपोआप आलं. गुरुजींचं ‘रक्तातच असतं’ आणि हा शिक्का, दोन्हींचा अर्थ एकच. कौशल्य माणसाचं नाही, जातीचं आहे. जातीचं आहे म्हणून त्याला नाव नको, आणि नाव नको म्हणून मोबदलाही नको.

सँपलिंगच्या इतिहासात याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९६९ साली ‘द विन्स्टन्स’ या बँडच्या ‘अमेन, ब्रदर’ या गाण्यात ग्रेगरी कोलमन या कृष्णवर्णीय ड्रमरने सुमारे ७ सेकंदांचा एक एकल तुकडा वाजवला. पुढे हिप-हॉप आणि जंगल संगीतातल्या हजारो गाण्यांनी तो तुकडा वापरला. त्यावर कितीतरी लोकांची घरं उभी राहिली. कोलमन २००६ साली हलाखीत वारला. त्या ७ सेकंदांचा पैसा त्याच्यापर्यंत पोहोचला नाही. जात आणि वंश एकच आहेत असं मी म्हणत नाही. पण ज्यांच्या श्रमाला समाज नाव देत नाही, त्यांचा आवाज उचलणं सगळीकडे सोपं असतं, एवढं यातून दिसतं.

आपल्या जवळचं उदाहरण अमरसिंह चमकीलाचं. दलित घरात जन्मलेला हा गायक आणि त्याची सहगायिका पत्नी अमरजोत यांना ८ मार्च १९८८ रोजी मेहसमपूर गावात गोळ्या घालून मारलं. २०२४ साली त्यांच्यावरचा हिंदी चित्रपट आला आणि देशभर त्यांची नावं पोहोचली. त्या दिवशी त्यांच्यासोबत दोन साथीदारही मारले गेले. इथे चंदीगडमध्ये मी कितीतरी जणांना त्या दोघांची नावं विचारली. चमकीलाची गाणी तोंडपाठ असलेल्यांनाही सांगता आली नाहीत. मृत्यू सारखाच होता, आठवण सारखी नाही. आपल्या १४ एप्रिलच्या मिक्समध्येही पाहा. दर अर्ध्या मिनिटाला डीजेचं नाव घुमतं. ढोलकी ज्याने वाजवली त्याचं नाव एकदाही येत नाही.

हे सगळं इतरांविषयी लिहिणं सोपं आहे. आता माझ्याविषयी.

माझं संशोधन पंजाबातल्या ढोलवादकांच्या कामाविषयी आणि जातीविषयी आहे. इथे ढोल वाजवणाऱ्यांत बाजीगर, महाशा, भराई अशा समाजांची माणसं पिढ्यानपिढ्या आहेत. त्यातल्या एका वयस्क बाजीगर वादकाकडे मी वर्षभर जात होतो. त्यांना मी उस्तादजी म्हणतो. लग्नाच्या हंगामात ते शहराच्या कडेच्या बाजारात, इतर ढोलवाल्यांसोबत, ढोल पुढ्यात ठेवून गिऱ्हाइकाची वाट पाहत बसतात. पहिल्यांदा त्यांच्या हातातल्या काठ्या पाहिल्या आणि मला आजोबा आठवले. एका हातात जाड, वाकडी काठी, ती ढोलच्या खर्जाच्या बाजूवर पडते, तिला डग्गा म्हणतात. दुसऱ्या हातात बारीक काडी, ती तिल्ली. आपल्याकडे तबल्याच्या खर्जाच्या भांड्याला डग्गा म्हणतात, इथे त्या काठीला. मी त्यांच्याकडून इंग्रजी संमतीपत्रावर सही घेतली होती. त्यात लिहिलं होतं की ध्वनिमुद्रण फक्त संशोधनासाठी वापरलं जाईल.

एकदा मित्राला १४ एप्रिलसाठी बीट करायचा होता. त्याला यादीतले ढोल निर्जीव वाटत होते. मी त्याला उस्तादजींच्या ध्वनिमुद्रणातली चाळीस सेकंदं दिली. तेव्हा मला त्यात काही चूक वाटली नाही. काम चळवळीचं होतं, मित्र आपला होता, पैशाचा प्रश्न नव्हता. मित्राने त्यातला तिल्लीचा भाग कापून घेतला, खर्जाच्या जागी यंत्राचा बेस टाकला, सगळे ठोके जाळीच्या रेषेवर आणून बसवले. गाणं छान झालं. मिरवणुकीत वाजलं, फोनवरून फोनवर गेलं. खाली मित्राचं नाव होतं, गायकाचं होतं, आणि सहकार्याबद्दल माझंही नाव होतं.

पुढच्या भेटीत मी ते कौतुकाने उस्तादजींना ऐकवलं. त्यांनी फोन कानाजवळ धरला. पहिल्या दहा सेकंदांतच म्हणाले, “ही तिल्ली माझी आहे.” मग थोडं थांबून, “डग्गा कुणाचा?” मी म्हटलं, डग्गा यंत्राचा आहे. ते म्हणाले, “म्हणजे माझा एक हात ठेवला आणि एक काढून टाकला.” मग विचारलं, “किती मिळाले?” मी म्हटलं, काहीच नाही, जयंतीसाठी फुकट केलं. ते हसले. “मग मी अर्धं कशातलं मागू? बाबासाहेबांसाठी मी पण फुकट वाजवलं असतं, बेटा. विचारलं असतंस तर.”

ते विचारणं मला सुचलंच नव्हतं, आणि मीच जातीवर संशोधन करतो. फेलोशिप मला मिळते, पदवी मला मिळेल, सहकार्याच्या ओळीत नाव माझं आलं. शिकलेला दलित हा अशा वेळी आपोआप निर्दोष ठरत नाही. गावात जसं वाजवणाऱ्याला गृहीत धरतात, तसंच मीही धरलं. फरक एवढाच की माझ्याकडे संमतीपत्र होतं, आणि तेही मीच मोडलं.

कायदा याबाबत काय म्हणतो, हे मी त्यानंतर नीट वाचलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे ते करवून घेणारा निर्माता, वादक नव्हे. पण वादकाला कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क आहेत. त्याच्या संमतीशिवाय त्याचं वादन मुद्रित करता येत नाही. एका कामासाठी दिलेली संमती दुसऱ्या कामाला आपोआप लागू होत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वापरातून रॉयल्टीचा आणि आपलं नाव लावलं जाण्याचा हक्कही कलाकाराला आहे. या कायद्यातली कलाकाराची व्याख्या वाचताना मी थबकलो. तिच्यात नट, गायक, वादक यांच्यासोबत कसरत करणारे आणि गारुडीही नाव घेऊन नोंदवले आहेत. बाजीगर म्हणजे मुळात कसरतीचे खेळ करणारा समाज. त्यांचं काम कायद्याच्या पुस्तकात आहे, पण कुणी त्यांच्या वस्तीत जाऊन ते वाचून दाखवलेलं नाही. ते काम आपल्यासारख्या, पुस्तक उघडता येणाऱ्या माणसांचं आहे.

यावर आपल्याच लोकांकडून दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही रास्त आहेत.

पहिला असा: हलगी-ढोल सोडणं हाच तर आपला लढा होता, मग आता त्यांच्या आवाजाचा एवढा अभिमान कशाला? बाबासाहेबांनी गावकीची सक्तीची कामं सोडायला सांगितली. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात वतनाच्या गुलामीविरुद्ध विधेयकही मांडलं. कितीतरी वस्त्यांनी मेलेली ढोरं ओढणं टाकलं, तसं वाजवणंही टाकलं. माझ्या आजोबांनी माझ्या वडिलांच्या हाती हलगी दिली नाही, पाटी दिली. त्यामुळेच मी आज चंदीगडला आहे. तो निर्णय बरोबरच होता. पण आजोबांनी टाकली ती सक्ती, मानहानी आणि शिळी भाकरी. ठेका अपराधी नव्हता. २०१८ च्या जानेवारीत चेन्नईत ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ पहिल्यांदा मंचावर आलं तेव्हा मयतीला वाजणारं वाद्य म्हणून हिणवलेला ठेका गिटारच्या बरोबरीने, जातीविरुद्धच्या गाण्यांत वाजला. तिथे ती कुणाची गावकी नव्हती, निवड होती. म्हणून कुणी ‘परंपरा टिकवा’ म्हणत आपल्या मुलाच्या हातात पुन्हा हलगी कोंबू लागला, तर त्याला नाही म्हणायचं. आणि ज्याला ती वाजवायची आहे, त्याला व्यक्ती म्हणून नाव आणि व्यावसायिक म्हणून पैसे द्यायचे. नाव माणसाचं लावायचं, जातीचं नाही.

दुसरा आक्षेप: आपल्या पोरांच्या खिशात आधीच काही नाही, चाचणी आवृत्तीवर काम चालतं, मोठे लोक सगळं उचलतात तेव्हा कुणी विचारत नाही, मग हिशेब यांच्याकडूनच का? कारण ही पोरंही त्याच रांगेत उभी आहेत. माझ्या मित्राने आजवर काही बीट विकले. एकरकमी थोडे पैसे मिळाले, कागद काहीच झाला नाही, आणि एका गाण्यावर तर त्याचं नावही आलं नाही. तो जेव्हा ‘बीट माझा आहे’ म्हणतो, तेव्हा त्याचा आवाज मला उस्तादजींसारखाच वाटतो. जो वादकाचं नाव गाळतो, त्याला उद्या स्वतःचं नाव गाळलं गेल्यावर बोलायला जागा उरत नाही.

शेवटी आम्ही काय केलं, ते सांगतो. मित्राने आणि मी पैसे जमवले, उस्तादजींना लग्नातल्या दराने दोन तासांसाठी बोलावलं आणि वसतिगृहाच्या बंद खोलीत, खिडक्यांना गोधड्या लावून, डग्गा आणि तिल्ली दोन्ही मुद्रित केल्या. आधी एक कागद केला, पंजाबीत. नाव काय लावायचं, कशासाठी वापरायचं, पैसे आले तर किती द्यायचे, आणि नको वाटलं तर काढून टाकायला कसं सांगायचं. त्यांनी तो दोनदा वाचून घेतला आणि एक ओळ वाढवायला लावली: दारूच्या आणि बंदुकीच्या गाण्यात वापरायचं नाही. फोल्डरला आता त्यांचं नाव आहे. त्यांचा धाकटा मुलगा सोबत आला होता. तो ढोलला शिवला नाही, पण पूर्ण वेळ पडद्यापुढून हललाही नाही. आता तो रविवारी मित्राकडे शिकायला येतो. उस्तादजींना त्याचं वाईट वाटत नाही. “त्याला वाजवायचं नसेल तर नको,” ते म्हणाले, “पण माझं वाजवणं कुणी कापणार असेल, तर माझ्याच पोराने कापावं.”

हे सगळ्यांना करता येण्यासारखं आहे. एलएमएमएस आणि बँडलॅब या प्रणाली फुकट आहेत, आणि ध्वनिमुद्रणाची सुरुवात साध्या फोनवरही होते. जयंतीच्या वर्गणीतून डीजेवर खर्च होतो. त्यातली थोडी रक्कम बाजूला काढून आपल्या भागातल्या एका हलगीवाल्याचं, ढोलकीवाल्याचं किंवा संबळ वाजवणाऱ्याचं मानाने ध्वनिमुद्रण प्रत्येक मंडळ करू शकतं. कागद त्याच्या भाषेत करा. मिक्समध्ये डीजेचं नाव जितक्या वेळा येतं, तितक्या वेळा वादकाचंही येऊ द्या. आणि संशोधन करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आपल्या हार्ड डिस्कवर पडलेले आवाज एकदा उघडून पाहा. त्यातले किती आपण कुणाला विचारून पुढे दिले?

दिवाळीला गावी गेलो तेव्हा मित्राच्या यादीतली ती हलगी मी चुलत्यांना ऐकवली. ते अजून बँडमध्ये वाजवतात. ऐकून म्हणाले, “कातडं नीट शेकलेलं नाही. पण हात चांगला आहे. कुणाचा आहे?” मला उत्तर देता आलं नाही.